लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके

ऑफिसातल्या रंगीत लेझर प्रिंटरवर काढलेला एखादा कागद घ्या. खोलीतला दिवा मालवा, निळ्या एलईडीचा उजेड पाडा आणि भिंगातून कागदाच्या कोऱ्या जागेकडे नीट पाहा. बऱ्याच प्रिंटरांच्या कागदावर तुम्हाला बारीक काळपट ठिपके दिसतील. खरं तर ते पिवळे असतात. साध्या उजेडात पांढऱ्यावर पिवळं डोळ्याला कळत नाही, निळ्या उजेडात ते गडद होऊन वर येतं. एक ठिपका साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्यांची एक ठरलेली जाळी असते आणि ती कागदभर पुन्हा पुन्हा छापलेली असते. २००५ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरांची जाळी उलगडून दाखवली. १५ उभ्या रांगा, ८ आडव्या. त्यात प्रिंटरचा सिरियल नंबर, छापल्याची तारीख आणि वेळ. खोट्या नोटा छापणाऱ्यांचा माग लागावा म्हणून कंपन्यांनी गुपचूप घातलेली सोय ती.

या ठिपक्यांनी जानेवारी २०२५ मध्ये पोकेमॉनच्या दुनियेत मोठाच गोंधळ उडवला. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये बाजारात आला. त्याआधी खेळ बनवणाऱ्यांनी आपसात खेळून पाहायला काही कच्चे पत्ते छापले होते. असे पत्ते २०२४ मध्ये अचानक विकायला येऊ लागले. काहींवर सही होती, सीजीसी या ग्रेडिंग कंपनीने ते खरे म्हणून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेले होते आणि लोक त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजत होते. मग काही शौकिनांनी पत्त्यांचे मोठे स्कॅन घेतले, रंग वेगळे केले आणि पिवळे ठिपके वाचले. त्यातल्या अनेक पत्त्यांवरची तारीख निघाली २०२४.

सही तपासणारे, पत्ता कुणाच्या कपाटातून आला ते सांगणारे, डबीवर नंबर टाकणारे, सगळे बाजूला राहिले आणि साक्ष दिली ती यंत्राने. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, रोज लॉग वाचून पोट भरतो. कुणी काहीही सांगो, सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळ लिहिलेली असते. कागदालाही लॉग असतो हे कळलं त्या रात्री मी तीन वाजेपर्यंत जागा होतो.

पुण्यातल्या एका कंपनीत मी बॅकएंडचं काम करतो, पण दीड वर्षापासून बहुतेक वेळ वरूडला घरीच असतो. माडीवरच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन आणि लाइट गेली की हळूहळू मरणारा इन्व्हर्टर. खाली अंगण, अंगणाच्या पलीकडे काकांचं घर. काकांचा मुलगा नववीत आहे, त्याला सगळे बारक्याच म्हणतात. पोकेमॉनचं वेड त्याचं. माझ्या लहानपणी कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन लागायचं आणि चिप्सच्या पुड्यात गोल टाझो निघायचे, आमची मजल तिथपर्यंतच. यांच्या पिढीला मात्र किमती पाठ. वरूडच्या स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांना सोनेरी चकचकीत पत्ते मिळतात. ते खोटे आहेत हे शाळेतल्या सगळ्या पोट्ट्यांना ठाऊक असतं. प्रश्न येतो तो ऑनलाइन घेतलेल्या जुन्या पत्त्यांचा.

"दादा, हे तीन पत्ते पाहून दे नं. बत्तीसशे लागले. खरे हायेत का?"

बत्तीसशे रुपये त्याने दिवाळी, वाढदिवस आणि संत्र्याच्या तोडीत कॅरेट मोजण्याचे मिळून जमवले होते.

पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं ते मी आधी शिकलो. तुम्हीही शिकू शकता, आज घरी आलेल्या पेपरपासून सुरुवात करा. पहिल्या पानावरच्या रंगीत फोटोवर भिंग धरा. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग पुरतं, दोन-तीनशे रुपयांत दिव्यासकट साठपट मिळतं. फोटो विरघळून ठिपके होतील. सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे राणी गुलाबी, पिवळा आणि काळा. चारच रंग, पण प्रत्येकाची जाळी वेगळ्या कोनात तिरपी केलेली, त्यामुळे ठिपके एकमेकांभोवती फेर धरतात आणि छोटी छोटी फुलं उमटतात. छापखान्यातले लोक त्याला रोझेट म्हणतात. आपल्या डोळ्याला ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसतात. पेपरात ही फुलं मोठी आणि ढोबळ, गुळगुळीत मासिकात बारीक. हे ऑफसेट. जगातलं बहुतेक रंगीत छापील साहित्य आज असंच छापलं जातं, पोकेमॉनचे पत्तेसुद्धा.

मग खऱ्याखोट्यातला फरक कुठे? काळ्या अक्षरात. खऱ्या पत्त्यावर मजकूर काळ्या शाईच्या प्लेटवरून थेट, अखंड छापलेला असतो. भिंगाखाली अक्षराची कड ब्लेडने कापल्यासारखी दिसते. खोटं करणाऱ्याकडे मूळ फाइल नसते. तो खरा पत्ता स्कॅन करतो आणि स्कॅन पुन्हा छापतो, म्हणजे चित्राबरोबर अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. इंकजेटवर छापलं असेल तर फुलंच नसतात, नुसता फवारा. लेझरवर असेल तर अक्षराच्या आजूबाजूला टोनरची पूड उडालेली दिसते आणि वर ते पिवळे ठिपके. शिवाय खरा पत्ता एका कागदाचा नसतो, थरांचा असतो. कडेकडून पाहिलं तर मधोमध काळसर रेघ असते, मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर उजेड फारसा पार येत नाही.

बारक्याचे दोन पत्ते या सगळ्यातून पार झाले. तिसऱ्यावरची अक्षरं फुटलेली होती. त्याने स्वतः भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, म्हणाला, "बाप्पा! हे तं साफ दिसून राह्यलं." विकणाऱ्याने आधी उत्तर दिलं नाही. बारक्याने भिंगातून काढलेले फोटो पाठवल्यावर अर्धे पैसे परत आले. अर्धे का, ते त्यालाच ठाऊक.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे ती कामाला येणार आहे. या सगळ्या तपासण्या एकाच दिशेने पक्क्या असतात. अक्षरं फुटलेली दिसली तर पत्ता खोटा, विषय संपला. अक्षरं अखंड दिसली तर पत्ता खरा, असं मात्र होत नाही. त्या तपासणीत तो सापडला नाही, इतकंच. आमच्या धंद्यातही सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून कोडमध्ये बग नाही असं कुणी शहाणा म्हणत नाही. आणि वरूडला हे कुणाला वेगळं सांगायची गरज नाही. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेतून संत्र्याची कलमं आणताना आबाजी रोपाच्या पानाकडे पाहतच नसत. खाली बसून जोड पाहत, खुंट जंबेरीचा आहे की रंगपूरचा ते मुळाशी पाहत. वाईट असेल तर तिथेच कळायचं. चांगलं आहे का, हे कळायला चार-पाच वर्षं आणि पहिला बहार लागायचा.

बारक्याने शाळेत सांगितलं, शाळेतून ते घरोघरी गेलं आणि माझ्याकडे काय काय येऊ लागलं. कुणाच्या जुन्या नोटा, कुणाची तिकिटं, एका मित्राच्या वडिलांनी जपलेले क्रिकेटपटूंचे बिग फन बबलगमचे पत्ते. नोटांचं फार काही करायला लागत नाही. संत्र्याच्या बाजारातला व्यापारी पाचशेच्या नोटेवर नुसता अंगठा फिरवतो. गांधीजींचं चित्र इंटाग्लिओने छापलेलं असतं, म्हणजे शाई खोदलेल्या रेघांतून वर ओढलेली असते, ती बोटाला लागते. त्याला इंटाग्लिओ हा शब्द माहीत नाही, पण अंगठ्याला माहीत आहे.

मग घरातलीच एक वस्तू माझ्यापुढे आली.

आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर घराची आणि वावराची वाटणी कागदावर आणायचं ठरलं. बाबा, काका आणि आत्या, तीन भावंडं. आत्या अकोटला दिली आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मला, तिला आणि आमच्या वकिलांनाही ठाऊक होतं. तरी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहुतेक बहिणी करतात. सही केली नाही तर माहेर तुटतं, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. सही करून आल्यावर चहा पिताना ती म्हणाली, "मले काई नको. देवघरातली लक्ष्मी तेवढी द्या."

देवघरातली लक्ष्मी म्हणजे रविवर्म्याची. तुम्ही पाहिलेलीच आहे. कमळावर उभी, चार हात, मागे पाणी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. कॅलेंडरवर, अगरबत्तीच्या पुड्यावर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, सगळीकडे तीच. आमची मात्र जुनी, लाकडी चौकटीतली, आजीच्या सासूच्या वेळची म्हणून सांगतात. साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. तशी सजावट त्या काळी घरोघरी बाया करायच्या.

बाबा लगेच 'ने' म्हणाले. काका म्हणाले, "द्यू नं. पण आधी पाहून घेऊ. लाखाची असन तं अशी कशी देऊन टाकता?" त्यांनी एक रील पाहिलं होतं. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं लिलावात कोटींत जातात हे खरं, पण त्या रीलवाल्याने मूळ चित्र आणि छापील प्रत यांत काडीचाही फरक ठेवला नव्हता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "याले समजते नं त्यातलं. परवाच बारक्याचे पत्ते पाह्यले यानं."

म्हणजे हिशेब असा झाला: लक्ष्मी खोटी निघाली तर आत्याची, खरी निघाली तर विकून वाटणी. ज्या बाईने एकरांवर पाणी सोडलं तिला फोटोसाठी माझ्या भिंगाची परवानगी लागणार होती. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कॅलेंडर आहे म्हणून सांगून टाक, असं आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणालीसुद्धा. मी म्हटलं, आधी पाहू तर दे.

रविवर्म्याच्या छापखान्याची गोष्ट मराठी माणसाला निदान अर्धी तरी माहीत असायला हवी, कारण ती घडली आपल्याकडे. चित्रकार केरळातला किळिमानूरचा, पण छापखाना त्याने काढला मुंबईत, १८९४ मध्ये. यंत्रं जर्मनीची आणि कारागीरही जर्मन. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. मुंबईत प्लेगचे दिवस आले आणि पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पैशाचं गणित काही जमलं नाही आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. रविवर्मा १९०६ मध्ये वारला, छापखाना चालतच राहिला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी काही काळ याच छापखान्यात काम केलं होतं. १९७२ मध्ये आग लागून तो संपला.

तिथलं तंत्र म्हणजे शिळाछाप. आपल्याकडे हा शब्द जुना आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळेवरच आणि कित्येक घरांत अजून शिळाछाप पोथ्या आहेत. तत्त्व अगदी साधं आहे, तेल आणि पाणी मिसळत नाही. जर्मनीतल्या सोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. दगड पाण्याने ओला करायचा, कोरा भाग पाणी धरतो. मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा, शाई फक्त चित्रावर बसते. कागद दाबला की छाप तयार. दगड खोदायचा नाही, उठवायचा नाही, सगळं एकाच पातळीवर. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि एका चित्राला असे डझनभर किंवा त्याहून जास्त दगड लागत. कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा, दरवेळी केसाएवढाही न हलता त्याच जागी बसायला हवा.

आता यातला कळीचा भाग. लक्ष्मीच्या गालाचा गुलाबी रंग गडद होत होत हनुवटीखाली सावलीत जातो. ऑफसेटमध्ये हे काम कॅमेरा आणि जाळी करते. शिळाछापेत जाळी नाही. तिथे एक माणूस दगडावर वाकून, टाकाने, एकेक ठिपका देतो. सावली दाट हवी तर ठिपके दाट, विरळ हवी तर विरळ. गुलाबी दगडावर एकदा, पिवळसर दगडावर एकदा, तपकिरीवर एकदा, आणि चित्र उलटं काढायचं, कारण छाप उलटी पडते. या माणसांची नावं चित्राखाली नाहीत. रविवर्म्याचं आहे.

चौकट उघडली ती एका दुपारी, माडीवरच्या टेबलावर, खाली पांढरी चादर घालून. आत्या समोर बसलेली, बारक्या टॉर्च धरून. मागच्या पुठ्ठ्याचे खिळे गंजलेले होते, ते काढायलाच अर्धा तास गेला. पुठ्ठ्याच्या आत कागदाचा थर म्हणून जुना पेपर घातलेला. कोपरा कसरीने खाल्लेला, पण १९५७ च्या निवडणुकीची बातमी वाचता येत होती. बारक्या ओरडलाच, "१९५७ चा हाय!" हाय तो पेपर. चित्र नाही. पेपर सांगतो की ही चौकट १९५७ च्या आधी बंद झालेली नाही, नंतर केव्हाही झालेली असेल. चित्र तेव्हा नवं होतं की पन्नास वर्षांचं, याबद्दल पेपर गप्प.

मग काच. वर्षानुवर्षांचं कुंकू सगळं काचेवर होतं, लक्ष्मीच्या कपाळाच्या बरोबर वर, थरावर थर, शेंगदाण्याएवढं जाड झालेलं. काच उचलली आणि लक्ष्मी कोऱ्या कपाळाने समोर आली. म्हणजे चित्रातलं बारीक कुंकू होतं, पण ते आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. आत्याने पदर तोंडाला लावला. मी काच बाजूला, चादरीच्या टोकाशी ठेवली.

भिंग गालावर धरलं. फूल नाही. रांगोळी नाही. ठिपके होते, पण एकासारखा एक नाही. काही गोल, काही लांबट, काही एकमेकांना चिकटलेले. गुलाबी, त्याच्या मधून फिका पिवळा, त्यावर करडा. साठपट भिंगाने मी तासभर फिरत राहिलो आणि वेगवेगळ्या शाया मोजल्या. अकरा नक्की, बारावीबद्दल माझं आणि बारक्याचं जमलं नाही. कमळाच्या एका पाकळीच्या कडेला गुलाबी रंग रेघेच्या बाहेर किंचित सरकलेला, तिथे एक दगड जरासा चुकीच्या जागी बसला होता. टॉर्च आडवा धरला तर सगळ्या चित्रावर कापडासारखी वीण दिसली. तैलचित्राच्या कॅनव्हाससारखं वाटावं म्हणून छापल्यावर तसा ठसा देत आणि वरून वॉर्निश फिरवत. वॉर्निश आता पिवळं पडलेलं.

शेवटी अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून आज त्यात जे रसायन घालतात तेच साबणपावडरीतही असतं, अल्ट्राव्हायोलेटखाली ते निळसर चमकतं. डिस्कोत पांढरे शर्ट चमकतात ते त्यामुळेच. कागदात ते साधारण १९५० नंतर येऊ लागलं. बारक्याचा शर्ट चमकला, चादर चमकली, लक्ष्मीचा कागद काळाकभिन्न राहिला. इथेही तोच नियम. चमकला असता तर नवा. चमकला नाही म्हणजे जुनाच असं नाही, आजही काही कागद त्या रसायनाशिवाय बनतात. पण हाताने दिलेले ठिपके, अकरा-बारा दगड, कापडाची वीण आणि हा न चमकणारा कागद, इतकं सगळं एकत्र खोटं करायला कुणी बसेल तर त्याला खऱ्यापेक्षा जास्त खर्च येईल.

आत्या म्हणाली, "मले पाहू दे." भिंग डोळ्याला कसं लावायचं ते दाखवलं. ती बराच वेळ हनुवटीखालच्या सावलीत होती. म्हणाली, "हे तं पानावर कोळशी आल्यावानी दिसून राह्यलं रे." संत्र्याच्या पानावर काळ्या माशीनंतर जी काजळी धरते ती कोळशी. माझ्या डोक्यात इतके दिवस जो शब्द येत नव्हता तो तिला पहिल्या नजरेत सापडला. मग तिने जर पाहिली. डिंकाचा पिवळा थर, त्यात अडकलेला एक केस. "आजीच्या सासूनं लावली होती ही. एक टिकली मी लावली, सहा वर्षांची असताना. मार खाल्ला होता." ती कोणती, ते तिला बरोबर ठाऊक होतं. डाव्या काठावरची, बाकीच्यांपेक्षा मोठी. कागदाच्या लॉगमध्ये अशा नोंदी येत नाहीत.

एक गोष्ट मात्र नव्हती, खालचा समास. छापखान्याचं नाव चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर इंग्रजीत छापलेलं असायचं. आमच्या चित्राची ती पट्टी चौकटवाल्याने सरळ कापून टाकली होती, तयार चौकटीत बसवण्यासाठी. कडेला काही अक्षरांचे जेमतेम मिलिमीटरभर शेंडे उरले होते. मी त्यांचे फोटो काढले, इंटरनेटवरच्या पूर्ण समासाच्या प्रतींशी एकावर एक ठेवून पाहिले. अंतरं जुळतात असं मला वाटतं. पण शपथेवर मी तसं सांगणार नाही, कारण ही लक्ष्मी इतकी खपायची की तिच्या नकला दुसऱ्यांनीही शिळेवरच छापल्या. छपाईची पद्धत काळ सांगते, तंत्र सांगते. कुणाच्या छापखान्यातलं, हे सांगायला नाव लागतं आणि नाव चौकटवाल्याच्या कात्रीत गेलं.

संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जे दिसलं ते सांगितलं: कॅलेंडर नाही. दगडावर छापलेली आहे, जुनी आहे, माझ्या अंदाजाने शंभरच्या आसपास वर्षांची. मळवलीची असावी, सिद्ध करता येत नाही. समास कापलेला आहे, वॉर्निश गेलेलं आहे, खालच्या कोपऱ्याला ओल लागलेली आहे. खोटं बोलून आत्याला लक्ष्मी मिळवून देणं सोपं होतं, पण मग ती खोटी लक्ष्मी म्हणून तिच्या घरी गेली असती. हे मला पटणारं नव्हतं. ज्या माणसाने दगडावर तो गाल घडवला त्याच्यासाठीही नव्हतं.

"मंग किती येतीन?" काकांनी विचारलं.

दुपारीच मी नागपूरच्या एका जुन्या वस्तू विकणाऱ्याला फोटो पाठवले होते. त्याने आठ हजार सांगितले होते, समास असता तर तिप्पट म्हणाला. मी तेही सांगितलं.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चार-चार हजार." दोनने भागलं होतं त्यांनी. ते कुणाच्या लक्षात आलं आणि कुणाच्या नाही, मला माहीत नाही. आत्या परसाकडे पाहत होती.

बाबा उठले. "एका फवारणीचा खर्च हाय तो. दे तिले." आणि आत गेले. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाजारातून जाड पुठ्ठा आणि सुतळी आणून दिली. वाटणीपत्रात वकिलांनी शेवटच्या पानावर एक ओळ वाढवली: देवाचा फोटो, फ्रेमसह, नग १, बहिणीस.

चौकट पुन्हा बंद करताना मी नवी काच घालणार होतो, अल्ट्राव्हायोलेट अडवणारी मिळते, त्याने रंग टिकतात. जुनी काच लाटेसारखी वाकडी होती आणि एका कोपऱ्याला तडा होता. अमरावतीहून मागवतो म्हटलं. आत्या म्हणाली, "नवी लाव. पण हे पण दे मले." मी विचारलं, "तडकलेली काच कशाले?" तिने उत्तर दिलं नाही. कुंकवाच्या बाजूने मऊ धोतराचा तुकडा लावून काच तिने जुन्या लुगड्यात गुंडाळली.

लक्ष्मी नंतर काकांच्या गाडीतून जाणार होती. काच तिने तशी सोडली नाही. मांडीवर घेऊन एसटीत बसली, परतवाड्याला गाडी बदलून अकोटला गेली. रात्री फोन आला, पोहोचली म्हणून.